चित्रकाराचं घर वाचवायचं म्हणजे नेमकं काय वाचवायचं?

एखाद्या दिवंगत चित्रकाराचं जुनं घर विक्रीला निघालं की वाद लगेच पेटतो, आणि दरवेळी त्याच दोन पक्षांत पेटतो. एका पक्षाच्या मते ती वास्तू म्हणजे तीर्थ. सरकारने ती ताब्यात घ्यावी, दारात अर्धपुतळा बसवावा, आत चष्मा, काठी, रंगांची पेटी काचेच्या कपाटात मांडावी. दुसरा पक्ष विचारतो, चित्रं तर संग्रहालयात आहेत, मग विटामातीवर जनतेचा पैसा का घालायचा? दोघंही तावातावाने बोलतात आणि दोघंही एकाच गोष्टीबद्दल बोलतात: चार भिंती आणि त्यांतल्या वस्तू. हा वाद मुळातच चुकीच्या जागी चालला आहे, असं माझं मत आहे. चित्रकाराचं घर, त्यातही त्याने उन्हाळ्यासाठी निवडलेलं किंवा बांधलेलं घर आणि त्यातला स्टुडिओ, हे आधी कामाचं ठिकाण असतं. उजेड कुठून येतो, खिडकीतून काय दिसतं, दारातून बाहेर पडून थोडं चाललं की पायाखाली कोणती जमीन येते, हे पाहून त्याने ती जागा घेतलेली असते. ते सगळं राखणार असू तर सार्वजनिक पैसा खर्च करणं रास्त आहे. ते जाऊ देऊन फक्त भिंती राखणार असू, तर विरोधकांचं म्हणणं बरोबर ठरतं.

उन्हाळी घराचा मुद्दा वेगळा काढायला कारण आहे. शहरातलं घर चित्रकार बहुतेक वेळा पोटासाठी पत्करतो. गिऱ्हाईक तिथे असतं, दालनं तिथे असतात, शिकवण्याची नोकरी तिथे असते. उन्हाळ्याचं घर मात्र तो स्वतःच्या डोळ्यांसाठी निवडतो. अमेरिकी चित्रकार एडवर्ड हॉपर १९१३ पासून अखेरपर्यंत न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन स्क्वेअरमधल्या इमारतीत राहिला, पण १९३० पासून त्याचे उन्हाळे केप कॉडवरच्या ट्रूरो गावात जाऊ लागले आणि १९३४ मध्ये तिथल्या उघड्या टेकाडावर त्याने स्वतः आराखडा काढून घर बांधलं. लहानसं, साधं घर. त्यात डोळ्यांत भरावी अशी एकच गोष्ट होती, स्टुडिओची उत्तरेकडची भलीमोठी खिडकी. उत्तर गोलार्धात उत्तरेच्या खिडकीतून ऊन सहसा थेट आत येत नाही. आकाशाचा पसरलेला उजेड येतो आणि तो तासन् तास जवळपास एकसारखा राहतो. सकाळी मिसळलेला रंग दुपारी वेगळा दिसत नाही, समोरच्या वस्तूची सावली सरकत नाही. म्हणून चित्रकार शतकानुशतकं उत्तरेचा उजेड मागत आले. आपले सय्यद हैदर रझा पॅरिसमध्ये राहत असतानाही उन्हाळे दक्षिण फ्रान्समधल्या गोर्बियो या डोंगरी गावात काढत, तिथे त्यांचा स्टुडिओ होता. राजधानीत सगळं असताना माणूस दरवर्षी उठून एका खेड्यात जातो, तेव्हा तो काय शोधत असतो हे समजून घ्यायला त्या गावाचा डोंगर आणि उजेड पाहावा लागतो. खुर्ची आणि चष्मा त्याबद्दल फारसं सांगू शकत नाहीत.

चित्रकारांनी स्वतः कशासाठी पैसे मोजले, हेही या वादात कुणी विचारत नाही. १८९१ मध्ये क्लोद मोने फ्रान्समध्ये, तो राहत होता त्या जिव्हर्नी गावाजवळच्या नदीकाठची पॉप्लरची रांग रंगवत होता. ती झाडं लिमेत्झ गावाच्या मालकीची होती आणि गावाने ती लिलावात काढली. चित्रमालिका अर्धवट होती. मोनेने लाकडाच्या व्यापाऱ्याशी व्यवहार केला, पदरचे पैसे घातले आणि चित्रं पुरी होईपर्यंत झाडं उभी ठेवून घेतली. रेनुआरने १९०७ मध्ये कान्य गावाजवळ ‘ले कोलेत’ नावाची जमीन घेतली, त्यामागे तिथल्या जुन्या ऑलिव्ह वृक्षांवर कुऱ्हाड पडू नये हा हेतू होता. घर त्याने नंतर बांधलं. झाडं आधी, घर मागून. ज्यांच्या नावाने आपण स्मारकं उभारतो त्यांचा क्रम हा होता. मग जतन करताना आपण तो उलटा का करतो?

भारतात हा उलटा क्रम कायद्यातच शिरला आहे. १९७२ च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्याखाली नऊ चित्रकारांच्या कृती राष्ट्रीय कलानिधी ठरल्या: राजा रविवर्मा, रवींद्रनाथ, अवनींद्रनाथ आणि गगनेंद्रनाथ हे तिघे ठाकूर, नंदलाल बोस, जामिनी रॉय, अमृता शेरगिल, शैलोज मुखर्जी आणि निकोलस रोरिक. त्यांचं लहानसं रेखाटनसुद्धा देशाबाहेर कायमचं नेता येत नाही. चांगली गोष्ट आहे. पण ते रेखाटन ज्या खोलीत झालं ती खोली उद्या पाडायची ठरली, तर हा कायदा एक शब्द बोलत नाही. वास्तूंसाठी १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा आहे, पण त्याची किमान अट शंभर वर्षांची. जामिनी रॉय यांचं कोलकात्याच्या बालिगंज भागातलं घर १९४९ चं. त्या हिशेबाने २०४९ उजाडेपर्यंत ते केंद्राच्या कायद्याच्या उंबरठ्यावरही पोचत नाही, आणि पोचलं तरी यादीत येईलच असं नाही. १९३५ च्या सुमारास शेरगिलने डोंगरी माणसांची ती थकलेली, लांब चेहऱ्यांची चित्रं केली तेव्हा ती सिमल्याच्या समर हिलवर कुटुंबाच्या घरी राहत होती. कॅनव्हास राष्ट्राची ठेव आणि तिचं समर हिल मात्र कुणाच्याच खातेवहीत नाही, हे पटण्यासारखं आहे का?

कुल्लू खोऱ्यातल्या नग्गरला रोरिकचं घर आहे. मनालीच्या सहलीत अर्धा दिवस काढून अनेक मराठी कुटुंबं तिथे जातात. रोरिक १९२८ च्या अखेरीस तिथे आला आणि १३ डिसेंबर १९४७ ला तिथेच गेला. जवळपास वीस वर्षं त्याने हिमालय रंगवला. खालच्या मजल्यावर चित्रं लावलेली आहेत. वरच्या मजल्यावरच्या खोल्यांत शिरता येत नाही. बाहेरच्या सज्जातून फिरत काचेला कपाळ लावून आत पाहायचं, दोन्ही हातांची ओंजळ डोळ्यांभोवती धरायची म्हणजे काचेतलं आपलं प्रतिबिंब मधे येत नाही. टेबल, खुर्च्या, पुस्तकं, गालिचा. पाहणारे एका मिनिटात पुढे सरकतात. पण त्याच सज्जात मान वळवली की पाठीमागे बियासचं खोरं आणि पलीकडच्या बर्फाच्या रांगा असतात, आणि खालच्या चित्रांतला तो जांभळा-निळा रंग मनाचा नव्हता, हे एका दृष्टिक्षेपात कळतं. घरातली खरी वस्तू ती आहे. तिच्यासाठी कपाट लागत नाही, पण खालच्या उतारावर चार-पाच मजली हॉटेलं उभी राहिली तर ती कायमची जाईल.

आता विरोधी बाजू. तिचे काही मुद्दे खरोखर जड आहेत आणि स्मारकवाल्यांनी त्यांना कधी सरळ उत्तर दिलेलं नाही. पहिला पैशांचा. चित्रं साठवणीच्या खोल्यांत दमटपणाने खराब होत असताना घरावर खर्च करणं म्हणजे पोथी वाळवीला देऊन वेष्टण जपणं, असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. दोन्हींतलं एकच शक्य असेल तर चित्रं आधी. प्रश्न असा आहे की घर आपल्याला असं काही सांगतं का, जे चित्रं सांगू शकत नाहीत? अनेकदा सांगतं. दक्षिण फ्रान्समधल्या एक्स शहरात सेझानने १९०१-०२ मध्ये लोव्हच्या टेकडीवर बांधलेल्या स्टुडिओत उत्तरेच्या मोठ्या खिडकीशेजारी भिंतीला एक उंच, अरुंद चीर ठेवलेली आहे. स्नान करणाऱ्या स्त्रियांचे त्याचे प्रचंड कॅनव्हास जिन्यावरून उतरत नसत, ते तिथून बाहेर काढायचे. ती चीर पाहिली की कळतं, साठी उलटलेला, आजारी माणूस इतक्या मोठ्या आकाराचं काम करण्याच्या तयारीने हे घर बांधत होता. चित्राची मापं फलकावर वाचून हे लक्षात येत नाही. लाँग आयलंडवर जॅक्सन पोलॉकच्या स्टुडिओत जमिनीवर नंतर बसवलेले तक्ते काढले तेव्हा खाली मूळ फळ्या सापडल्या, त्यांवर त्याच्या प्रसिद्ध चित्रांच्या कडांबाहेर उडालेला रंग तसाच होता. हात कुठवर जायचा, रंग किती उंचीवरून पडायचा, याचा तो पुरावा. अशा पुराव्यासाठी घर लागतं.

मी उजेड आणि देखावा म्हणतो, पण तो निकष प्रत्येकाला लागू नाही, हेही मान्य. विसाव्या शतकातला चित्रकार फ्रान्सिस बेकन याचा लंडनमधला स्टुडिओ १९९८ मध्ये डब्लिनच्या ह्यू लेन संग्रहालयाला दिला गेला. पुरातत्त्वज्ञांनी उत्खननासारखा नकाशा करून त्यातल्या सात हजारांहून अधिक वस्तू नोंदवल्या, भिंती, दार, धूळ यांसकट खोली समुद्रापार नेली आणि २००१ मध्ये ती लोकांसाठी उघडली. लंडनची ती गल्ली मागे राहिली, आणि काही बिघडलं नाही. बेकन फाटक्या छायाचित्रांवरून, मासिकांच्या पानांवरून काम करायचा. त्याची सामग्री खोलीत होती. रोरिकची सामग्री नग्गरहून उचलून दिल्लीला नेता येईल का? कोणत्या घराचं काय जपायचं, हे त्या माणसाच्या कामाच्या रीतीवरून ठरवायला हवं. आपल्याकडे ते ठरतं उपलब्ध निधीवरून आणि उद्घाटनाला कोण येणार यावरून.

दुसरा जड मुद्दा वारसांचा. आजोबांनी चित्रं काढली म्हणून नातवाने गळकं छप्पर जन्मभर का सांभाळायचं? शेजारचा आपला भूखंड विकसकाला देऊन मोकळा होतो आणि याने मात्र संस्कृतीची जबाबदारी एकट्याने वाहायची, हा अन्यायच आहे. सरकारने घर घ्यावं, हे त्यावरचं नेहमीचं उत्तर, आणि ते किती अपुरं आहे याचा दाखला बेंगळुरूजवळ आहे. रोरिकचा धाकटा मुलगा, चित्रकार स्वेतोस्लाव आणि त्याची पत्नी, अभिनेत्री देविका राणी, यांची तातगुणीची इस्टेट सुमारे ४६८ एकरांची. तो १९९३ मध्ये गेला, ती १९९४ मध्ये. मालकीचे दावे उभे राहिले, कर्नाटक सरकारने १९९६ मध्ये खास कायदा करून इस्टेट घेतली, आणि त्या कायद्यावर सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने शिक्कामोर्तब केलं ते ९ ऑगस्ट २०११ रोजी. पंधरा वर्षं फक्त जमीन कुणाची हे ठरण्यात गेली. तोवर स्टुडिओला वाली कोण?

पण ‘सरकारने घ्यावं’ आणि ‘विकू द्यावं’ या दोनच वाटा आहेत, हे खरं नाही. जामिनी रॉय यांचं घर २०२३ मध्ये डीएजी या खासगी कलादालनाने कुटुंबाकडून घेतलं आणि तिथे त्यांचं संग्रहालय करायचं जाहीर केलं. खासगी पैशाबद्दल शंका घेणाऱ्यांनी सांगावं, रॉय यांच्या मृत्यूनंतरच्या पन्नास वर्षांत सार्वजनिक पैसा कुठे होता? अलिबागजवळ सासवण्याला शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकरांचं घर आणि शिल्पालय त्यांच्या कुटुंबाने टिकवलं. अंगणातली ती सिमेंटमधली म्हैस पाहायला लोक आजही वाट वाकडी करून जातात. करमरकर मूळचे त्याच गावचे. त्यांची कोळीण, त्यांची गुरं ज्या किनाऱ्यावरची आहेत तो किनारा तिथून चार पावलांवर आहे, म्हणून ती शिल्पं मुंबईच्या दालनात ठेवली असती तर निम्मी झाली असती. वारसांवरचा बोजा हलका करण्याचं साधनही महाराष्ट्रात आहे. १९९५ मध्ये बृहन्मुंबईसाठी वारसा वास्तूंची नियमावली आली, ती देशात पहिली. यादीतल्या इमारतीच्या मालकाला बांधकामाचा जो हक्क सोडावा लागतो, त्याच्या बदल्यात टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, देण्याची तरतूद तिच्यात आहे. हक्क दुसरीकडे विकून पैसे मिळवता येतात आणि घर उभं राहतं. ही तरतूद कलावंतांच्या घरांसाठी, मुंबईबाहेरही, का वापरू नये? यावर आपल्या वादांत कुणी बोलतच नाही, कारण अर्धपुतळ्याची मागणी करणं सोपं असतं.

सगळ्यांत अवघड आक्षेप तिसरा आहे, आणि तो माझ्याच भूमिकेवर येतो. देखावा जपायचा म्हणजे खोऱ्यातल्या माणसांनी चित्रात उभं राहावं तसं जन्मभर उभं राहायचं का? चित्रकार उन्हाळ्यापुरता येऊन गेला. स्थानिकांना रस्ता हवा, दवाखाना हवा, पोरांना रोजगार हवा. शहरी रसिकाच्या डोळ्यांसाठी त्यांच्या जमिनीवर बंधनं का? हा आक्षेप नवा नाही. १८९३ मध्ये मोनेने आपल्या तळ्यासाठी ओढ्याचं पाणी वळवायची परवानगी मागितली तेव्हा जिव्हर्नीच्या शेतकऱ्यांनी विरोध केला होता, या परदेशी वनस्पतींनी पाणी विषारी होऊन गुरं मरतील म्हणून. भीती चुकीची ठरली, पण पाणी त्यांचंही होतं आणि विचारण्याचा हक्क त्यांचा होता.

म्हणून अमेरिकेतल्या हडसन नदीकाठचं ओलानाचं प्रकरण मला महत्त्वाचं वाटतं. निसर्गचित्रकार फ्रेडरिक चर्चने १८७० च्या दशकात तिथे टेकडीवर घर बांधलं आणि भोवतालच्या २५० एकरांत झाडं, वाटा, तळं अशी रचना केली की प्रत्येक वळणावर एक चित्र उलगडावं. १९६४ नंतर घर आणि वस्तू लिलावात जाण्याची वेळ आली, लोकांनी पैसे उभे केले, १९६६ मध्ये न्यूयॉर्क राज्याने ते घेतलं. आपल्याकडे गोष्ट इथे संपली असती. तिथे ती सुरू झाली. नदीच्या खालच्या अंगाला, ओलानातून दिसणाऱ्या पट्ट्यात, अणुवीज प्रकल्प यायचा होता. १९७९ मध्ये अणुऊर्जा नियामक आयोगाच्या तज्ज्ञांनीच देखाव्याच्या हानीचं कारण देऊन परवाना नाकारण्याची शिफारस केली आणि प्रकल्प मागे घेतला गेला. पुढे २००५ मध्ये जवळच्याच मोठ्या सिमेंट कारखान्यालाही राज्याने नकार दिला. त्या वेळी रोजगाराचा मुद्दा पुढे आला होता आणि तो खोटा नव्हता. पण ओलानाच्या बाजूने लढणाऱ्यांनी नुसता नकार मागितला नाही. दिसणाऱ्या पट्ट्यातल्या जमीनमालकांशी करार केले गेले: जमीन तुमची, शेती करा, राहा, अमुक उंचीपलीकडे बांधू नका, आणि त्या बंधनाची किंमत घ्या. मोनेने लाकडाच्या व्यापाऱ्याला पैसे दिले, त्याचीच ही सार्वजनिक आवृत्ती. देखावा फुकट मागू नये. ज्याच्या जमिनीवर तो आहे त्याला त्याचा मोबदला मिळाला पाहिजे, हे एकदा मान्य केलं की रसिक विरुद्ध गावकरी हे भांडण बरंचसं उरत नाही. शिवाय एखादा देखावा म्हणजे सगळं खोरं नसतं. ठरावीक दोन-तीन जागांवरून दिसणारा पट्टा मोजता येतो, नकाशावर आखता येतो, त्यावर वाटाघाटी करता येतात. आणि कुल्लूपुरतं बोलायचं तर जुलै २०२३ च्या पुरात बियासने काठावरच्या इमारती कशा वाहून नेल्या, हे सगळ्यांनी पाहिलं आहे. नदीकाठी आणि उतारावर बेताने बांधा, असा आग्रह तिथे राहणाऱ्यांच्या जिवासाठीही धरायला हवा.

जपलेलं घर मरतं, हा शेवटचा आक्षेप मला निम्मा पटतो. मोनेची जिव्हर्नीची बाग १९८० मध्ये लोकांसाठी उघडण्यापूर्वी जवळपास नव्याने लावावी लागली होती आणि आज हंगामात तिथे अशी रीघ असते की पुलावर थांबून पाणी पाहणं मुश्कील. सेझानच्या लोव्हचा स्टुडिओ १९५४ मध्ये अमेरिकी देणगीदारांनी वाचवला खरा, पण भोवतीच्या टेकडीवर निवासी इमारती येत गेल्या. हडसनच्याच काठी थॉमस कोलने स्वतः आखलेला स्टुडिओ १९७३ मध्ये पाडला गेला आणि २०१६ मध्ये त्याच जागी पुन्हा बांधला. बांधणाऱ्यांचा हेतू चांगला होता, पण कोलने ज्या तावदानाखाली काम केलं ते तावदान आता आणणार कुठून? यावर घराला कुलूप लावणं हा उपाय नाही, आणि नुसती तिकीटखिडकी उघडणं हाही नाही. कनेटिकटमध्ये ज्युलियन आल्डन वियरचं शेत आहे. १८८२ मध्ये त्याने एक चित्र आणि दहा डॉलर देऊन १५३ एकरांची ती जमीन घेतली, आणि ते त्याचं उन्हाळ्याचं घर झालं. त्याच्यामागे त्याची मुलगी आणि शिल्पकार जावई तिथे काम करत राहिले, त्यांच्यानंतर आणखी एक चित्रकार जोडपं. १९९० मध्ये ते राष्ट्रीय स्थळ झालं, आणि आजही येणाऱ्याला तिथे रंगसाहित्य फुकट देतात, कुठेही बसा आणि काढा म्हणतात. निवासी चित्रकारांसाठी जागा आहे. वियरने रंगवलेली दगडी कुंपणं आजचा शाळकरी मुलगा पुन्हा रंगवतो आणि त्याला कळतं की हिरवा रंग किती अवघड आहे.

नग्गरला, सासवण्याला, बालिगंजला हे करायला काय हरकत आहे? मूळ वस्तूंना धक्का लागेल, ही संग्रहालयवाल्यांची काळजी खरी आहे. त्या वस्तू वेगळ्या खोलीत न्याव्यात. पण निदान एक खोली, उजेडाची, वर्षातले काही महिने काम करणाऱ्या माणसाला द्यावी. आणि पुढच्या वेळी एखाद्या चित्रकाराचं घर विक्रीला निघालं की निवेदनावर सह्या करण्याआधी तीन गोष्टी लेखी मागाव्यात: स्टुडिओच्या खिडकीतून दिसणाऱ्या पट्ट्याचा नकाशा, त्या पट्ट्यातल्या जमीनमालकांना काय देणार याचा हिशेब, आणि घर ताब्यात आल्यावर त्यात काम कोण करणार याचं उत्तर. पुतळ्याचा ठराव त्यानंतर आणावा.